चौकशीचा बिल्ला

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीला संशोधनाची फेलोशिप मिळाली. यामुळे सार्वजनिक सुरक्षिततेला काही धोका पोहोचेल, असं सुरुवातीला कोणालाच वाटलं नव्हतं.

मुलीला घरात, कॉलेजात आणि जिन्यात सगळे 'कलम' म्हणत. कारण बोलताना ती आधी कलम सांगायची आणि मग श्वास घ्यायची. लहानपणी शेजारच्या मुलाने तिचा चेंडू पळवला, तेव्हा ती रडली नाही. चोरी आणि अपहार यांत नेमका फरक काय, हे तिने त्याला जिन्यात उभं करून समजावलं. त्याने चेंडू परत दिला आणि पुन्हा कधी तिच्याशी खेळला नाही. तेव्हापासून कलमचा कायद्यावर गाढ विश्वास बसला.

फेलोशिपचा विषय होता 'पोलीस व्यवस्था आणि सार्वजनिक सुरक्षितता : एक क्षेत्रीय अभ्यास'. सोप्या भाषेत सांगायचं तर कलमने पोलीस ठाण्यातल्या एका बाकावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचं, आणि ठाण्यात पाऊल टाकल्यावर माणसाला सुरक्षित वाटतं की नाही, यावर एक प्रबंध लिहायचा. अट एकच. ठाण्याच्या साहेबांची परवानगी महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत फेलोशिप समितीपुढे ठेवायची. नाही ठेवली तर फेलोशिप प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

पुढचा उमेदवार तिच्याच वर्गात होता. त्याला तळटीप म्हणत, कारण तो कुठलंही वाक्य सरळ संपवत नसे. "आज उकडतंय," असं कोणी म्हटलं की तो मान डोलवायचा आणि खालच्या आवाजात जोडायचा, "कालच्या तुलनेत, आणि तेही सावलीत नसल्यास."

"फेलोशिप तळटीपला गेली ना," कलम आईला म्हणाली, "तर मी वकिली सोडून देईन."

"अजून धरली आहेस कुठे," आई म्हणाली, आणि तिने कलमच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करायला घेतली. फेलोशिप म्हणजे नेमकं काय, हे आईला समजलं नव्हतं. पण लेकीला काहीतरी मिळालंय आणि ते दुसऱ्याला मिळालेलं नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

ठाण्याच्या दारात एक पोलीसबाई टेबल टाकून बसल्या होत्या. टेबलावरच्या खोक्यात गळ्यात घालायचे बिल्ले होते. निळ्या फितीच्या बिल्ल्यावर 'तक्रार', पांढऱ्या फितीच्या बिल्ल्यावर 'साक्ष', आणि लाल फितीच्या बिल्ल्यावर 'चौकशी'. आत येणारा प्रत्येक नागरिक कोणत्या रंगाचा आहे हे दुरूनच कळावं, म्हणून ही आधुनिक पद्धत नुकतीच सुरू झाली होती.

"कशासाठी?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"जरा चौकशी होती," कलम म्हणाली.

बाई उठल्या आणि सत्काराला हार घालावा तशी लाल फीत त्यांनी कलमच्या गळ्यात घातली.

आत गेल्या गेल्या समोरच एक खिडकी होती. तिच्यावरही 'चौकशी' असाच फलक होता, त्यामुळे कलमला सगळं नियमाप्रमाणे चाललंय असं वाटलं. खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ होते. लोक फलक वाचत, काचेच्या भोकाकडे बघून बोलत आणि निघून जात. गृहस्थांच्या चेहऱ्याकडे कोणी बघितल्याची नोंद नव्हती.

"संशोधनाची परवानगी कोण देतं?"

"साहेब."

"साहेब कुठे बसतात?"

"वर."

"वर कसं जायचं?"

"जिन्याने," गृहस्थ म्हणाले आणि पुढच्या माणसासाठी मोकळे झाले. चौकशी संपली होती. निदान कलमचा तसा समज झाला.

साहेब अतिशय सभ्य होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पत्र वाचलं आणि कौतुकाने मान हलवली. "वा. तरुणांनी असा अभ्यास करायला हवा. सही आत्ता करून टाकतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, वर बघितलं, आणि टोपण परत लावलं.

"तुमच्या गळ्यात चौकशीचा बिल्ला आहे."

"हो, खाली विचारायला गेले होते ना."

"ज्यांची चौकशी चालू आहे, त्यांना ठाण्यात संशोधन करता येत नाही. एकदा सूट दिली तर उद्या कोठडीतले म्हणतील, आम्हालाही अभ्यास करायचाय. काही नाही, बिल्ला तेवढा परत करून या. चुटकीसरशी काम होईल."

कलम उड्या मारत जिना उतरली.

"चौकशी झाली?" दारातल्या बाईंनी विचारलं.

"झाली."

"कोणी केली?"

"मी केली."

"स्वतःची चौकशी स्वतः?"

इथे कलमने तोंड बंद ठेवलं असतं, तर ही गोष्ट इथेच आटोपली असती. पण तीन वर्षांचं कायद्याचं शिक्षण तिच्या घशाशी आलं. "नाही, तुमचं अगदी बरोबर आहे. कोणालाही स्वतःच्या प्रकरणात स्वतः निवाडा करता येत नाही. नैसर्गिक न्यायाचं मूलभूत तत्त्व आहे ते," ती उत्साहाने म्हणाली.

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "ज्याने चौकशी केली त्याने सांगितलं की बिल्ला काढायचा. तोपर्यंत गळ्यात."

"आणि काढून ठेवला तर?"

"तर फरार."

ती पुन्हा वर गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते खरोखरच हळहळले. "अडचण आहे खरी. गुन्हा कोणता आहे तुमचा?"

"काहीच नाही."

"तीच तर अडचण. गुन्हा असता तर तपास झाला असता. तपास झाला असता तर तुम्ही दोषी निघाला असता किंवा निर्दोष. काहीही निघालं असतं तरी चौकशी संपली असती. आता गुन्हाच नाही म्हटल्यावर आम्ही संपवायचं काय?"

"पण सर, मी काहीच केलेलं नाही."

"अहो, म्हणून तर मी तुम्हाला बसायला खुर्ची दिली."

गळ्यात लाल फीत घालून कलम घरी निघाली. फरार व्हायचं कलम तिला तोंडपाठ होतं, त्यामुळे बिल्ला सदऱ्याच्या आत ढकलायचाही तिला धीर झाला नाही.

इमारतीच्या लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या. काकू व्यवस्थापन समितीच्या चिटणीस होत्या आणि माणसाचं निरीक्षण त्या नेहमी गळ्यापासून सुरू करत.

"अगं बाई. चौकशी?"

"नुसतीच हो काकू. माहिती विचारायला गेले होते."

"सुरुवातीला नुसतीच असते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कलमच्या बाजूचा खांदा रिकामा झाला.

आईने बिल्ला उलटा-सुलटा करून पाहिला. "तुझ्या वेळेला दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर मीच उभी होते. नऊ महिन्यांचं पोट घेऊन. मला नाही कोणी काही गळ्यात घातलं."

"आई, तो शब्द एकच आहे. अर्थ दोन आहेत."

"बरं." आईने ताट वाढलं, समोर बसली आणि बराच वेळ मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू काही केलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. पण केलं असशील तर मला सांग. मी रागावणार नाही."

कलमचा घास हातातच राहिला. साहेबांनी सही केली नाही याचं तिला वाईट वाटलं होतं. हे त्याहून खोल कुठेतरी लागलं. आता फेलोशिपचं पत्र तिला तळटीपला हरवण्यासाठी नको होतं. आईपुढे ठेवण्यासाठी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या ग्रुपवर काकूंचा संदेश आला : 'सर्वांनी सावध राहावे. घाबरू नये. कोणाचेही नाव घेणे योग्य नाही, परंतु चौथ्या मजल्यावरील रहिवाशांनी विशेष दक्षता घ्यावी.' चौथ्या मजल्यावर दोनच घरं होती, आणि त्यांतलं एक काकूंचं होतं. सगळे घाबरले. ज्यांची दारं दिवसभर सताड उघडी असत, त्यांनी कुलपं आणली. जागं राहण्याचा पगार घेऊन आजवर झोपत आलेला रखवालदार खडबडून जागा झाला आणि कलमची पिशवी तपासू लागला. पिशवीत दंडसंहिता निघाली. "एवढं जाड पुस्तक," तो म्हणाला, "उगाच कोण वाचतं?"

जिन्यात, लिफ्टमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी एकच वाक्य ऐकू येऊ लागलं. ते कोणी रागाने म्हणत नव्हतं. उलट, चांगल्या मनाची माणसं जसं हवापाण्याबद्दल बोलतात, तसं म्हणत : "काहीतरी असेलच."

आपल्यामुळे इमारतीची सुरक्षितता वाढल्याचं कलमने अभ्यासकाच्या निर्विकार वृत्तीने टिपून घेतलं. मग ती खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून थोडी रडली. नंतर उठून पुन्हा ठाण्यात गेली.

"माझी चौकशी संपवायची तर काय करावं लागेल?"

"आधी सुरू करावी लागेल," साहेब म्हणाले. आणि ते कामाला उशीर करणारे नव्हते. त्याच दुपारी त्यांचा एक शिपाई इमारतीत येऊन शेजारपाजाऱ्यांना भेटला.

"मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे," तळमजल्यावरचे शिंपी म्हणाले. "म्हणजे कालपर्यंत होती."

"काही संशयास्पद?"

शिंपीकाकांनी मदत करायची म्हणून खूप आठवून पाहिलं. "कपडे शिवायला टाकताना पावती मागते."

काकूंना आठवावं लागलं नाही. "प्रश्न फार विचारते हो. लिफ्ट वर्षभर का बंद होती, असं समितीच्या सभेत सगळ्यांदेखत विचारलं होतं हिने. सरळ माणसाला कशाला हवीत असली उत्तरं?"

शिपायाने सगळं मान डोलावून ऐकलं आणि सांगितलं, की हे तोंडी झालं. पक्कं करायला ठाण्यात यावं लागेल. देशकार्याची संधी दाराशी आलेली पाहून चौथा मजला, तिसरा मजला आणि शिंपीकाका असे सगळे ठेवणीतले कपडे घालून निघाले.

"कशासाठी?" दारातल्या बाईंनी विचारलं.

"त्या मुलीच्या चौकशीसाठी," काकू पुढे होऊन म्हणाल्या.

बाईंनी त्यांच्या गळ्यात लाल फीत घातली.

"अहो, माझी नाही. तिची."

"कोणाची ते लिहायला बिल्ल्यावर जागा नाही," बाई म्हणाल्या. "पुढचे या."

आता काकूंची चौकशी सुरू झाली होती, आणि ती संपवायची तर काकूंच्या ओळखीपाळखीच्यांकडे विचारणं आलं. काकूंच्या ओळखी अफाट. त्यांच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. डॉक्टरांमुळे त्यांच्या रुग्णांना गेलं. रुग्णांत एक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्यामुळे सगळे पालक आले. शिंपीकाकांनी ज्यांची ज्यांची मापं घेतली होती, ते तर मापासकट ठाण्याच्या दारात रांगेत उभे राहिले. आणि दारात प्रत्येकाला विचारलं जाई, 'कशासाठी?' आणि प्रत्येक जण तोच शब्द उच्चारी, कारण भाषेत दुसरा पटकन सुचत नसे.

लाल फिती संपल्या. आणखी मागवल्या. रस्त्यात गळ्यागळ्यांत 'चौकशी' झुलू लागली, आणि जी गोष्ट सगळ्यांच्या गळ्यात असते तिची लाज कोणाला वाटत नाही, त्यामुळे तिची फॅशन आली. काकूंनी फितीला मोती लावून घेतले. शिंपीकाका 'चौकशीला शोभेल असा' गळा शिवून देऊ लागले.

"आमच्या ह्यांना दोनदा बोलावलं," लिफ्टमध्ये एक बाई सहज सांगत.

"आमच्याकडे घरी आले होते," दुसऱ्या बाई त्याहून सहज सांगत.

बागेतल्या बाकावर काही म्हातारे मोकळ्या गळ्याने बसलेले असत. "आमची आता कोणी साधी चौकशीसुद्धा करत नाही," असं ते पूर्वीही म्हणत. आता ते ऐकून त्यांची सुनामुलं हादरली आणि त्यांना रिक्षात घालून ठाण्यावर सोडून आली.

साहेबांचा वरून गौरव झाला. गुन्हे होते तेवढेच होते, पण चौकशा विक्रमी झाल्यामुळे नागरिक पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत, असं सिद्ध झालं होतं.

हे सगळं चाललं असताना कलमची चौकशी मात्र जागच्या जागी होती. कारण तिच्याबद्दल सांगणाऱ्या सगळ्यांचीच आता चौकशी चालू होती, आणि ज्यांची चौकशी चालू आहे त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवून निष्कर्ष काढणं साहेबांच्या न्यायबुद्धीला पटत नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी कलमचे मार्गदर्शक सर स्वतः ठाण्यात आले. सरांचा शब्द समितीत चालायचा. त्यांनी एकदा सांगितलं असतं, की मुलगी सरळ आहे, तर काम झालं असतं. कलम दारापाशी वाटच बघत होती. सर टॅक्सीतून उतरताना दिसले, तशी ती दोन्ही हात हलवत धावली. "सर, तो शब्द म्हणू नका..."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"आमच्या विद्यार्थिनीची चौकशी करायला आलोय," सर भारदस्त आवाजात म्हणाले.

फीत गळ्यात पडल्यावर सरांना नियम आठवला. "समितीच्या नियमाप्रमाणे, चौकशी चालू असलेल्या मार्गदर्शकाला उमेदवाराशी बोलता येत नाही. मी आता तुझ्याशी बोलत नाहीये, हे लक्षात ठेव," असं म्हणून ते पुढे बराच वेळ बोलले. सारांश असा, की उद्या शुक्रवार आहे, त्यांचा नाइलाज आहे, आणि तळटीप यायला निघाला आहे.

तळटीप आला. तो सगळं वाचून, ऐकून, तयारीनिशी आला होता.

"कशासाठी?"

"परवानगीसाठी," तो जपून म्हणाला. "आणि तेही प्राथमिक स्वरूपात."

बाईंनी खोक्यात हात घालून पाहिलं. "परवानगीचा बिल्ला नाही आमच्याकडे."

"मग?"

"मग आत जाता येत नाही."

तळटीप दारासमोरच्या पदपथावर उभा राहिला. त्याला वाटलं, साहेब कधीतरी बाहेर येतीलच. पण आता त्या रस्त्यावर मोकळ्या गळ्याचा माणूस दिसणं राहिलंच नव्हतं. येणारे-जाणारे दचकू लागले. एका आईने मुलाला पदराखाली घेतलं. "याची चौकशीसुद्धा झालेली नाही," कोणीतरी कुजबुजलं. "काहीतरी असेलच." बघता बघता तीन-चार जण निळे बिल्ले घेऊन आत शिरले, आणि तळटीपला 'सार्वजनिक ठिकाणी बिल्ल्याविना, समाधानकारक कारण न देता उभे राहणे' या आरोपाखाली वर नेण्यात आलं.

कलमचा चहा निवायच्या आत तो खाली उतरला. गळा मोकळाच होता.

"सोडलं?"

"निर्दोष," तळटीप म्हणाला. "आरोप होता, तपास झाला, संपलं. साहेब म्हणाले, आता तुमच्यावर काहीच नाही, उद्या कार्यालय उघडलं की सही घेऊन जा." त्याने सदरा सारखा केला. "तुझ्याबद्दल मला वाईट वाटतं. मर्यादित अर्थाने."

तळटीप निघून गेला. कलम बाकावर बसून राहिली, आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं वाक्य तिच्या डोक्यात लख्ख पेटलं. गुन्हा असता तर तपास झाला असता.

तिने पिशवीत हात घातला. महत्त्वाच्या कलमांखाली रेघा मारायचा जाडा काळा मार्कर तिच्याजवळ कायम असायचा. तिने बाक ओढत खिडकीपाशी नेला, त्यावर चढली, आणि 'चौकशी' या फलकावर आडवी रेघ मारून खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'विचारपूस'.

खिडकीतल्या गृहस्थांना समोर फक्त तिची चप्पल दिसत होती. "काय चाललंय?"

"गुन्हा."

"पुढच्या खिडकीवर," गृहस्थ म्हणाले.

ती वर गेली आणि मार्कर साहेबांच्या टेबलावर ठेवला. "सरकारी फलक विद्रूप केला आहे. मी केला. कलमही सांगू का?"

"सांगा, सांगा. शोधत बसायला नको," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. एका चांगल्या घरच्या मुलीचं आयुष्य मार्गी लागताना बघून कोणत्या वडीलधाऱ्याला बरं वाटणार नाही? "हेतू?"

"परवानगी मिळवणं."

"कबुली?"

"पूर्ण."

"किती व्यवस्थित," साहेब म्हणाले. "सगळे असे असते तर." तपास संपला. ती दोषी निघाली. पहिलाच गुन्हा असल्यामुळे तिला समज देऊन सोडण्यात आलं, आणि समज तिला खरोखरच मिळाली. कायद्याच्या तीन वर्षांत ती मिळाली नव्हती. खाली बाईंनी तिच्या गळ्यातली लाल फीत काढून खोक्यात टाकली. त्याच पावली वर जाऊन तिने सही घेतली. शिक्षा होऊन मोकळी झालेली अर्जदार, असा शेरा साहेबांनी प्रेमाने स्वतःहून घातला.

शुक्रवारी फेलोशिप पक्की झाली. साहेब म्हणाले, एका ठाण्यात संशोधक एकच. त्यामुळे तळटीपला प्रतीक्षा यादीतच, सगळ्यात खाली, त्याच्या नावाला शोभेल अशा जागी ठेवण्यात आलं.

कलमने पत्र आईपुढे ठेवलं. आईने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तू खरंच गुन्हा केलास?"

"हो. फलकाचा."

आईच्या खांद्यांवरून मोठं ओझं उतरलं. "मग बरं झालं. निदान काय केलंस ते आता लोकांना सांगता तरी येईल." आणि तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. अनेक दिवसांनी.

काकूंनाही लिफ्टमध्ये फार समाधान वाटलं. "मी म्हटलंच होतं, काहीतरी असेलच," त्या म्हणाल्या आणि पर्स पुन्हा कलमच्या बाजूच्या खांद्यावर घेतली.

'विचारपूस' हा फलक पुसणं कोणाच्या अखत्यारीत येतं, हे ठरेपर्यंत तो तसाच राहिला. त्या काळात एक चमत्कारिक गोष्ट घडली. लोक खिडकीपाशी येत, फलक वाचत, गोंधळत आणि मग काचेआडच्या गृहस्थांना विचारत, "काय, बरे आहात ना?" पहिल्या दिवशी गृहस्थांना उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघा दुखत असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते नवा सदरा घालून आले. पुढे वरून आदेश आला, फलक पुसला गेला, आणि गृहस्थांचा चेहरा पुन्हा काचेमागे दिसेनासा झाला.

अखेर कलम आपल्या बाकावर बसली. मांडीवर वही, हातात पेन, गळा मोकळा. ठाण्यात आलेल्या माणसाला सुरक्षित वाटतं का, हे शोधून काढायला ती अगदी सज्ज होती. थोड्या वेळाने एक मध्यमवयीन गृहस्थ दारात आले. छत्री दोन्ही हातांत धरलेली, बूट नुकते पुसलेले.

"कशासाठी?"

"जरा चौकशी होती."

लाल फीत त्यांच्या गळ्यात पडली. बिल्ला सरळ करत, ओशाळं हसत ते बाकापाशी आले. "इथे बसू का?"

"बसा ना," कलम म्हणाली.

आणि तिच्याही नकळत तिच्या हाताने पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

आता तुम्ही हसाल. हसा. पण खरं सांगा, एका मुलीवर कोणीतरी अख्खी गोष्ट लिहिली आहे म्हटल्यावर, उगाच का कोणी लिहील, काहीतरी असेलच, असं तुम्हाला मधे एकदाही वाटलं नाही? वाटलं नसेल तर उत्तम. आणि त्या छत्रीवाल्या गृहस्थांचं पुढे काय झालं, याची चौकशी करायची असेल तर जरूर या. दारात बाई बसलेल्याच आहेत. नव्या फिती कालच आल्यात.